रेघ राखून

त्या वर्षी पावसाने सलग दुसऱ्यांदा पाठ फिरवली, आणि त्याचा जो परिणाम शेतांवर झाला, त्याहून तसूभरही कमी नाही असा सुताराच्या पडवीवर झाला. नांगर मोडण्यासाठी तो आधी जमिनीत चालावा लागतो, आणि चाक झिजण्यासाठी गाडीत काहीतरी भरलेले असावे लागते. दोन्ही गोष्टी थांबल्यामुळे सुताराकडे दुरुस्तीलासुद्धा कोणी फिरकेनासे झाले. हत्यारांच्या पेटीत एका कोंबडीने बस्तान बसवले. सुतार मात्र नित्यनेमाने सकाळी अंघोळ उरकून पडवीत बसे आणि बोथट न झालेल्या पटाशीला धार लावत राही.

"अहो, आणखी घासलीत तर तिची सुई होईल," सुतारीण उंबऱ्यातून म्हणे. "झाली तर बरंच. चिमणीचा झगा मीच शिवीन. त्या मेल्या शिंप्यानं पुन्हा आखूड केलाय."

चिमणी ही त्यांची मुलगी. वर्गात सर्वांत बुटकी असल्यामुळे तिला ते नाव पडले होते. शिंपी शेजारीच, एका भिंतीपलीकडे राहत असे. गावातल्या प्रत्येक मुलाच्या गणवेशाची बाही मनगटाच्या अलीकडेच संपत असे, आणि त्याचे खापर न चुकता शिंप्याच्या डोक्यावर फुटत असे. तो प्रत्येक कापडातून वीतभर ढापतो, अशी सुतारणीची पक्की खात्री होती. त्यामुळे तिने दोन वर्षे त्याच्या बायकोशी अबोला धरला होता.

अशा परिस्थितीत शहरातून मेहुण्याचा निरोप आला. मेहुणा तेथे बाके-खुर्च्यांच्या कारखान्यात कामाला होता. निरोप असा होता की, महिनाअखेर या, जागा रिकामी आहे, हत्यारे आणू नका, नुसते हात आणा, बाकीचे यंत्र करते. 'नुसते हात' हे दोन शब्द सुताराच्या काळजात कुसळासारखे रुतले. तथापि पोट कोणाचे ऐकत नाही. सुतारणीने ट्रंक काढून झटकली आणि तीत कपड्यांच्या घड्या बसवायला घेतल्या.

सुताराचा बाप पडवीतल्या खाटेवर पडून सर्व पाहत होता. वय अठ्ठ्याहत्तर, नजर अधू, जीभ मात्र शाबूत.

"तुम्ही जा," म्हातारा म्हणाला. "मी या खाटेवर मरणार. मी स्वतः केलेली खाट आहे. कारखान्याच्या खुर्चीवर बसून मरायला मी काय कारकून आहे?"

"आबा, मरायचं कोण बोलतंय?" सुतार म्हणाला.

"मग जायचं तरी कशाला बोलतोस?"

येणेप्रमाणे त्या घरात तीन दिवस वादविवाद चालला असता, चौथ्या दिवशी दुपारी शाळेच्या विज्ञानाच्या बाई पडवीत येऊन उभ्या राहिल्या. बाई वर्षभरापूर्वीच बदलून आल्या होत्या. अंगाने किरकोळ, पण चालणे असे की रस्त्यातली गुरे आपण होऊन बाजूला होत. त्या आल्या तेव्हा म्हातारा एक लांब लाकडी पट्टी मानेमागून सदऱ्यात खुपसून पाठ खाजवण्यात गढला होता.

"आजोबा, ती पट्टी जरा बघू?"

"खाजवून झालं की देतो. घामोळं आहे."

झाल्यावर त्याने दिली. मीटरभर लांबीची, जुन्या कसदार लाकडाची, दोन्ही टोकांना पितळी टोपी असलेली ती पट्टी होती. तरुणपणी एका पुलाच्या कामावर इंजिनियरने खूश होऊन ती म्हाताऱ्याला दिली होती, आणि तेव्हापासून त्या घरात तीच शेवटचा शब्द होती. बाईंनी पिशवीतली आपली छोटी पट्टी तिच्यावर ठिकठिकाणी लावून पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अगदी बरोबर आहे! दादा, मला अशा चाळीस हव्यात. प्रत्येक मुलाला एक. आमच्या शाळेत चाळीस मुलांत मिळून एक पट्टी आहे, आणि ती हेडमास्तर निराळ्याच कामाला वापरतात."

"करतो की," सुतार म्हणाला. हातातली पटाशी त्याने खाली ठेवली.

"पूर्ण ऐका. शाळेला वीस बाकं मंजूर झालीत. समितीचे अध्यक्ष म्हणजे आपले कापडवाले शेठ. ते म्हणतात, बाकं कारखान्यातून आणू. कारखाना त्यांच्या व्याह्यांचा आहे. मी शिक्षण खात्याच्या साहेबांना म्हटलं, गावात सुतार असताना कारखाना कशाला? साहेब म्हणाले, त्याचं काम दाखवा. ते महिनाअखेर तपासणीला येणार आहेत. तेव्हा या पट्ट्या म्हणजे तुमचं काम."

बाई गेल्यावर सुतारणीने ट्रंकेचे झाकण लावले. मात्र कपडे बाहेर काढले नाहीत.

"पट्ट्या होऊ देत, मग काढीन," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच कामास प्रारंभ झाला. नवीन लाकूड आणण्याची ऐपत नव्हती. परसात मोडक्या गाडीच्या फळ्या पडून होत्या, पंचवीस वर्षे ऊन खाऊन त्या हाडासारख्या वाळल्या होत्या. कोंबडीला सन्मानपूर्वक हलवण्यात आले. सुतार फळी चिरून रंधा मारी. तासलेली काठी गुण्याच्या काटकोनाला लावून डोळा मिटून पाही. मग तिच्यावर नमुन्याची पट्टी ठेवून टोकाला पेन्सिलीने रेघ ओढी. रेघेवर करवत चालवण्याचे काम सुतारणीचे. नंतर सुतार कंपासाने लांबीचे सारखे शंभर भाग पाडी. या कामात त्याचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता. शेवटी शाळेतून आल्यावर चिमणी शाईने आकडे घाली, मागच्या बाजूला एक, दोन, तीन असा क्रमांक टाकी आणि तेल लावून पट्टी परसात वाळत ठेवी.

खाटेवरून म्हाताऱ्याची देखरेख चाले.

"सूनबाई, रेघ राखून काप! रेघेच्या बाहेरून! जास्त राहिलं तर घासता येतं, कमी झालेलं काय थुंकी लावून चिकटवणार?"

"राखतेय, आबा."

"राख. माझ्या बापानं मला रेघ खाल्ल्याबद्दल रंधा फेकून मारला होता. ही बघ खूण."

"पाहिली, आबा. लग्नाच्या दिवशीच दाखवली होतीत."

पहिली पट्टी म्हाताऱ्याच्या मूळ पट्टीवरून झाली. दुसरीच्या वेळी सुताराने हात पुढे केला, तर म्हाताऱ्याने मूळ पट्टी सदऱ्यातून बाहेर काढण्यास साफ नकार दिला.

"घामोळं पेटलंय. ती एक झाली आहे ना, तीच वापर. हुबेहूब आहे ना?"

"हुबेहूब आहे."

"मग झालं तर."

त्यात वावगे असे कोणालाच काही दिसले नाही. तिसरीच्या वेळेपर्यंत पहिली पट्टी तेल लावून परसात गेली होती, म्हणून दुसरी घेतली. चौथीच्या वेळी दुसरी वाळत होती, म्हणून तिसरी. नुकतीच कापलेली पट्टी सुतारणीच्या मांडीजवळ पडलेली असे. "घ्या," असे म्हणून ती पुढे करी, आणि तिच्यावरून पुढची निघे. हातांना एक लय सापडली. कित्येक महिन्यांनी पडवीत सालपटांचा ढीग झाला. पाठीला रग लागली, तळहातांना फोड आले, आणि सुतार जेवताना दोनदा विनाकारण हसला. आठव्या दिवशी चाळीस पट्ट्या पूर्ण झाल्या. दोरीने बांधून त्याने त्या स्वतः डोक्यावरून शाळेत पोचवल्या. कापडवाल्याच्या दुकानावरून जाताना तो जरा सावकाशच चालला.

दुसऱ्या दिवशी चिमणी शाळा सुटण्याच्या पुष्कळ आधी धापा टाकत घरी आली.

"बाबा, बाईंनी बोलावलंय. वर्गात मारामारी झाली."

"कशावरून?"

"फळ्यावरून. बाई म्हणाल्या, फळ्याची लांबी मोजा. मी मोजली तर दोनशे नव्व्याण्णव. सरपंचाच्या पोराची दोनशे त्र्याण्णव. तो म्हणाला, तुला मोजता येत नाही. मी म्हटलं, तुझ्या बापाला येत नाही. मग प्रत्येकानं मोजली. प्रत्येकाची वेगळी!"

सुताराने पाण्याचा तांब्या तसाच खाली ठेवला आणि शाळेची वाट धरली.

तो वर्गात पोचला तेव्हा चाळीस मुले अभूतपूर्व शांततेत बसली होती. बाईंनी सर्व पट्ट्या मागचे क्रमांक पाहून भिंतीशी ओळीने उभ्या केल्या होत्या. डावीकडे एक, उजवीकडे चाळीस. सुताराने त्यांच्या वरच्या टोकांवरून नजर फिरवली. दोन शेजारच्या पट्ट्यांत डोळ्याला फरक दिसत नव्हता. परंतु सबंध ओळ डावीकडून उजवीकडे एकसारखी चढत गेली होती. पहिलीपेक्षा चाळिसावी पट्टी बोटभर उंच होती.

"रेघ," सुतार पुटपुटला.

"काय म्हणालात, दादा?"

"प्रत्येक वेळी रेघ राखली. पेन्सिलीची रेघ, बाई. एवढीशी. एकीवर एक, एकीवर एक..."

बाई मुलांकडे वळल्या. "ऐकलंत? एका रेघेची जाडी केवढी? अर्धा मिलिमीटर. असे चाळीस अर्धे म्हणजे?"

"दोन सेंटिमीटर!" वर्ग ओरडला.

"आणि प्रत्येक पट्टी एकाच मूळ पट्टीवरून केली असती, तर?"

मग चिमणी म्हणाली, "तर सगळ्या अर्ध्याच मिलिमीटरनं चुकल्या असत्या. आणि भांडण झालं नसतं."

सुताराने मान खाली घातली. पोटच्या पोरीने आपली चूक चारचौघांत उकलून दाखवावी, आणि ती उकल बिनचूक असावी, असा प्रसंग शत्रूवरही येऊ नये. अभिमानाने फुगावे की जमिनीत गडप व्हावे, हे त्याला ठरवता येईना.

"बाई, मी आत्ता सगळ्या परत नेतो. दोन दिवसांत कापून, पुन्हा आखून देतो."

"हातसुद्धा लावायचा नाही!"

"अहो, परवा साहेब यायचे!"

"यायलाच हवेत. दादा, एकाच मापावर का चालायचं, हे मी वर्षभर घसा फोडून सांगितलं असतं, तरी यांच्या डोक्यात शिरलं नसतं. आज एका तासात शिरलं."

"मुलं शहाणी होतील, बाई, आणि मी कारखान्यात जाईन," सुतार म्हणाला.

तथापि पट्ट्या काही बाईंनी दिल्या नाहीत.

मधल्या काळात वर्गात त्या पट्ट्यांचे राजकारण माजले. आखूड पट्टीने मोजले असता माणूस उंच भरतो, हा शोध मुलांना आपोआप लागला. एक क्रमांकाच्या पट्टीला भलताच मान चढला. चाळीस क्रमांक ज्याच्या वाट्याला आला होता, तो सरपंचाचा मुलगा घरी जाऊन रडला. चिमणीने मात्र सर्व पट्ट्यांनी स्वतःला मोजून घेतले, आणि 'मी कुठल्याच पट्टीनं उंच नाही,' असा निष्कर्ष वहीत लिहिला.

घरी ही गोष्ट उघड झाली तेव्हा प्रथम सुतारीण म्हणाली, "करवत माझ्या हातात होती."

"रेघ माझी होती," सुतार म्हणाला.

"आणि शिकवण माझी होती," म्हातारा गंभीरपणे म्हणाला.

क्षणभर तिघांनाही एकमेकांविषयी फार माया वाटली. मग सुतारीण हळूच म्हणाली, "पण मूळ पट्टी कोणाच्या सदऱ्यात होती?"

म्हाताऱ्याने कूस बदलली आणि त्याला तत्काळ झोप लागली.

तपासणीच्या आदल्या दिवशी सुतार बाजारातून जात असता कापडवाल्याने दुकानाच्या पायरीवरून हाक मारली. गिऱ्हाइके बसलेली होती.

"काय सुतार! तुझ्या पट्ट्या म्हणे रोज वाढतात? खतबित घालतोस की काय?"

गिऱ्हाइके हसली. सुतार उभा राहिला, कारण हाक मारल्यावर न थांबणे त्याच्या स्वभावात नव्हते.

"हा बघ," कापडवाल्याने मापाचा लोखंडी गज उचलून गादीवर ठेवला. "वडिलांच्या हातचा. पन्नास वर्षं याच गजावर दुकान उभं आहे. उद्या साहेबांसमोर हाच घेऊन येतो. पोरांना कळू दे, मीटर कशाला म्हणतात. आणि बाकांचं काय करायचं, तेही साहेबांना तिथंच कळेल."

सुतार घरी आला. ट्रंकेत न मावलेला रंधा त्याने धोतराच्या जुन्या फडक्यात गुंडाळून ठेवला. तो पाहून सुतारीण तोंड फिरवून चुलीकडे गेली.

तपासणीचा दिवस उजाडला. साहेब आले. उंच, रुक्ष, बोलण्यात काटकसरी गृहस्थ. समितीची मंडळी, आयाबाया, शिंपी, सरपंच असे सगळे वर्गाच्या दारात दाटले. सुतार खिडकीबाहेर उभा राहिला. आत येण्याचे धैर्य त्याला झाले नाही. म्हाताऱ्याने मात्र हट्टाने खाट उचलायला लावून शाळेच्या ओट्यावर आणवली होती. पट्टी अर्थातच सदऱ्यात होती.

कापडवाल्याने वेळ दवडला नाही.

"साहेब, हे बघा आमच्या सुताराचं काम. चाळीस पट्ट्या, चाळीस मापं! असल्या माणसाकडून बाकं केली, तर एका टोकाचं पोर जमिनीवर बसेल आणि दुसऱ्या टोकाचं छताला लागेल."

मोठा हशा पिकला. साहेबांनी भिंतीशी लावलेल्या पट्ट्यांवरून एकदा नजर फिरवली. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"सुतार कोण?"

खिडकीतून एक हात वर झाला.

"असं कसं झालं?"

"साहेब, एकीवरून दुसरी केली. दर वेळी रेघ राखली. चूक माझी आहे."

"हं," साहेब म्हणाले, आणि त्यांनी वहीत काहीतरी लिहिले. सुतारणीने पदराचे टोक दातांत धरले.

"आता खरं माप बघा," असे म्हणून कापडवाल्याने आपला लोखंडी गज वाजतगाजत टेबलावर ठेवला. "पोरांनो, हा मीटर. हवं तर मोजून बघा!"

बाईंनी मुलांकडे पाहिले. "शेठ म्हणतायत तर मोजा रे. आपापल्या पट्टीनं. क्रमानं या."

एक क्रमांक चिमणीचा होता. ती टाचा उंचावून टेबलापाशी उभी राहिली, पट्टी गजाला लावली आणि पुन्हा लावली.

"सत्याण्णव," ती म्हणाली.

"नीट लाव, पोरी," कापडवाला म्हणाला.

"सत्याण्णवच आहे, काका."

दुसरा आला. "सत्याण्णवला जरा कमी." विसावा आला, म्हणाला, "शहाण्णव." सरपंचाच्या मुलाने चाळिसावी पट्टी छाती काढून लावली. "पंच्याण्णव, आणि वर एक केस!"

चाळीस पट्ट्यांचे आपसांत कशावरच एकमत नव्हते. फळ्यावर नाही, दारावर नाही, चिमणीच्या उंचीवरही नाही. परंतु कापडवाल्याचा गज मीटरला कमी आहे, या एका गोष्टीवर त्या चाळीसही पट्ट्यांचे एकमत झाले.

ओट्यावर म्हाताऱ्याची खाट करकरली.

"पट्ट्याच खोट्या आहेत!" कापडवाला ओरडला. "लांब पट्टीनं मोजल्यावर माझा गज आखूडच दिसणार!"

"हे मात्र खरं आहे," साहेब म्हणाले. "यांची मूळ पट्टी कुठं आहे?"

सगळे ओट्याकडे वळले. म्हातारा सदऱ्यात हात घालून घाईने शेवटचे एकदोन फटकारे मारीत होता. मग त्याने पट्टी काढून सुनेच्या हाती दिली, तिने ती पुसून आत दिली. साहेबांनी खिशातून पोलादी टेप काढला. आधी मूळ पट्टी मोजली. पूर्ण शंभर. मग चिमणीची एक क्रमांकाची पट्टी मोजली. शंभर, आणि एक रेघ. मग त्यांनी टेप गजावर ठेवला आणि चष्मा वर सरकवून वाकून पाहिले.

"सत्याण्णव," साहेब म्हणाले.

"झिजला असेल," कापडवाल्याचा आवाज खोल गेला.

"अरे," ओट्यावरून म्हातारा गरजला, "चाळीस वर्षं मी ती पट्टी पाठीला घासतोय, ती केसभर कमी झाली नाही. तुझा लोखंडी गज मऊ कापडाला लागून तीन बोटं झिजला होय?"

"सेंटिमीटर, आजोबा," बाई म्हणाल्या.

"तेच ते! तुझ्या बापाला मी ओळखत होतो, लेका. कानस मागायला तो आमच्याकडंच आला होता!"

कापडवाला खुर्चीत बसला. त्याचा चेहरा कावेबाज माणसाचा नव्हता, फसलेल्या माणसाचा होता. "मला काय माहीत," तो कोणालाही न उद्देशून म्हणाला. "प्रत्येक ठाणातून मीटर-दीड मीटर कापड जास्त निघायचं. मला वाटायचं, माझ्या हाताला बरकत आहे."

तेवढ्यात दारातल्या गर्दीतून शिंपी दोन्ही हात वर करून पुढे आला. वीस वर्षांचे तुंबलेले त्याच्या तोंडून एकदम बाहेर पडले.

"ऐका रे सगळे! आखूड बाह्या, आखूड झगे, आखूड विजारी! आयुष्यभर शिव्या मी खाल्ल्या! कापडच कमी यायचं, तर मी काय कातडं सोलून लावू?"

सुतारणीने पलीकडे उभ्या असलेल्या शिंप्याच्या बायकोकडे पाहिले. दोन वर्षांनी दोघींची नजर भेटली.

"संध्याकाळी चहाला या," सुतारीण म्हणाली.

"बघू," शिंपीण म्हणाली, आणि ती येणार हे दोघींनाही कळले.

साहेबांनी वही मिटली. त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हते, पण आठी निघून गेली होती.

"सुतार, आत या. या पट्ट्यांचे भाग कोणी पाडले?"

"मीच, साहेब."

"एकेका पट्टीचे शंभर भाग केसाइतके सारखे आहेत. यंत्राला जमत नाही इतके. हात चांगला आहे, नमुना चुकला. बाकं तुम्ही करा. अट एकच. वीसच्या वीस बाकं एकाच नमुन्यावरून मोजायची, आधीच्या बाकावरून नाही. या पट्ट्याही तशाच नव्यानं करून द्या. आणि ही मूळ पट्टी इथं, शाळेच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेली राहील. ज्याला माप घ्यायचं त्यानं इथं येऊन घ्यावं." त्यांनी कापडवाल्याकडे पाहिले. "शेठ, तुम्हीसुद्धा."

सुताराने हात जोडले. खिडकीपाशी सुतारीण डोळे पुसत घराकडे निघालीसुद्धा होती. ट्रंक रिकामी करायची घाई तिला झाली होती.

"थांबा!" ओट्यावरून म्हाताऱ्याचा आवाज आला. "पट्टी भिंतीवर टांगणार, आणि माझी पाठ?"

साहेब गोंधळले. असा प्रश्न त्यांना आजवरच्या एकाही तपासणीत आला नव्हता. बाईंनी तोंडावर पदर धरला. सुतार मात्र भिंतीपाशी गेला, ओळीतली शेवटची, चाळीस क्रमांकाची पट्टी उचलून ओट्यावर आला आणि ती त्याने बापाच्या हातात ठेवली.

म्हाताऱ्याने ती संशयाने चाचपली. टोकावर अंगठा फिरवला. मग मानेमागून सदऱ्यात सोडली, खाली, आणखी खाली ढकलली, आणि त्याचे डोळे आपोआप मिटले.

"लेका," बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "जिथं चाळीस वर्षं पोचत नव्हती, तिथं पोचली बघ."